भांगाच्या पाण्यातली गरी

महिन्यातून दोनदा, अष्टमीच्या मागेपुढे, उत्तनच्या किनाऱ्यावर होड्यांची गर्दी वाढते. पातान बंदर, भाटे बंदर, पाली, चौक, जिथे बघाल तिथे जाळी शिवायला काढलेली, कुणाचं इंजिन उघडलेलं, कुणाचा डिझेल-बर्फाचा हिशेब चाललेला. हे भांगाचे दिवस. भरती येते पण फार चढत नाही, ओहोटी लागते पण फार उतरत नाही, आणि मधल्या काळात पाणी नुसतं हेलकावत राहतं. उत्तनचं मुख्य जाळं म्हणजे डोल, आणि डोल चालते ती पाण्याच्या ओढीवर. ओढ मंदावली की डोलीत मासळी शिरत नाही.

नेमक्या याच दिवसांची वाट शहरातली दुसरी एक जमात पाहत असते. हातात काठी, पिशवीत तंगूस, म्हणजे गरीचा दोरा, आणि शिसं, डब्यात कोळंबी घेऊन ही मंडळी भाईंदरच्या खाडीकाठी, घोडबंदरला, गोराई-मनोरीच्या खडकांवर गरवायला बसतात. उधाणाच्या पाण्यात त्यांचं शिसं तळाला टिकत नाही, तंगुसाला कचरा अडकतो, गढूळपणामुळे माशाला आमिष दिसत नाही. भांगात गाळ थोडा खाली बसतो, ओढ कमी होते आणि गरीला मासा लागण्याची शक्यता वाढते.

म्हणजे कोळ्याचे मंदीचे दिवस हेच गरीवाल्याचे सुगीचे दिवस. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर अशा हौशी माणसांना होडीत घालून किनाऱ्यालगतच्या पाण्यात गरवायला नेणं हा एक रीतसर धंदा आहे. वाटाड्या होडी आणतो, पाणी वाचतो, जागा दाखवतो, आणि पाहुणा त्याचे पैसे मोजतो. मुंबईच्या आसपास हे आजही होतं, पण ओळखीपाळखीने, तोंडी ठरवून, कुठल्याही नोंदीशिवाय. उत्तनला तो धंदा उघडपणे उभा राहू शकेल का, राहिला तर कुणाच्या हातात राहील, आणि समुद्राला तो परवडेल का, हे प्रश्न या लेखाचे आहेत.

इमारतींच्या मागचा समुद्र

मीरा-भाईंदर म्हटलं की डोळ्यांसमोर लोकलची गर्दी, स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि मजल्यांवर मजले येतात. २००२मध्ये इथे महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजारांच्या वर गेली होती. यातल्या बहुतेकांचा समुद्राशी संबंध रविवारच्या मासळीपुरता. पण भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मिठागरं आणि कांदळवन मागे टाकत रस्ता चढाला लागतो, आणि शहराची दुसरी बाजू समोर येते. टेकडीवर चर्च, वाटेवर वेलंकनी मातेचं तीर्थस्थान, खाली बांबूच्या वलांडींवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा तो वास, जो इथल्या माणसाला घरचा वाटतो आणि बाहेरच्याला पहिल्या दिवशी नकोसा.

डोंगरी, उत्तन, गोराई, मनोरी हा सगळा भाग जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणून येतो. मुंबईच्या मध्यावरच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मनोरीची खाडी. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी या बेटासाठी इतका आटापिटा केला तो उगाच नव्हे. वसईच्या किल्ल्याला समुद्रातून येणारी मदत खाडीच्या तोंडावरूनच जायची, आणि त्या तोंडावर नजर ठेवायची तर धारावीचा डोंगर हातात हवा. १७३९मध्ये वसई पडली. धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आणि चिमाजी आप्पांचं स्मारक आज चौकच्या टेकडीवर आहे, आणि तिथून खाली पाहिलं तर खाडीचं पाणी समुद्रात मिसळताना दिसतं.

मासळीच्या दृष्टीनेही महत्त्वाची जागा तीच. उल्हास नदीचं बहुतांश पाणी घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतं. वाटेत दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये पाणजू बेट, त्याच्या अंगावरून जाणारे रेल्वेचे पूल. गोडं आणि खारं पाणी इथे रोज दोनदा एकमेकांत घुसळतं. कोळंबी, बोय, निवटी, चिंबोरी यांचं हे घर, आणि त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांचं हे जेवणाचं ठिकाण. २०२४च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली तेव्हा अनेक भाईंदरकरांनी आपली खाडी पहिल्यांदा पाण्यावरून पाहिली.

पाण्यावरचे सातबारे

वरून पाहणाऱ्याला समुद्र मोकळा वाटतो. कोळ्याला तो तसा दिसत नाही. डोल हे पिशवीसारखं लांबलचक जाळं. तोंड मोठं, शेपटीकडे निमुळतं होत जाणारं, शेवटी खोला. तळात ठोकलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधलेलं असतं. जाळं माशामागे धावत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्याच्यात आणून भरतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, ढोमे अशी प्रवाहाबरोबर वाहणारी मासळी त्यात येते. पाणी उलटायच्या आधी खोला उचलायचा, रिकामा करायचा, पुन्हा सोडायचा. या कामाला चंद्राशिवाय दुसरा मुकादम नाही.

हे खुंट ठोकण्याच्या जागांना कव म्हणतात, आणि कव कुणाची, कुठून कुठपर्यंत, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेलं आहे. जाळी लांब जाऊ लागली तसे तंटेही लांबले. उत्तन-वसईच्या मच्छीमारांच्या कवी पालघर-डहाणूच्या समोरपर्यंत पोचल्या, तिथल्या मच्छीमारांनी हरकत घेतली, आणि हा वाद कित्येक वर्षं बैठकांतून आणि कधी भर समुद्रातल्या चकमकींतून चालत आला आहे. जमिनीवर सातबारा असतो. इथे तो तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डोक्यात असतो. किनाऱ्यावरचं कुठलं झाड कुठल्या कळसाच्या रेषेत आलं की आपली कव, हे जीपीएस येण्याआधी असंच शिकवलं जायचं, आणि जीपीएस आल्यावरही विसरलेलं नाही.

वाटाड्या म्हणून कोळ्याची खरी पुंजी हीच. बाहेरचा माणूस चांगली होडी आणि महाग काठी विकत घेऊ शकतो. पण पाण्याखाली खुंट कुठे आहेत, जुन्या तुटलेल्या दोरांचा गुंता कुठे आहे, खडक कुठे संपून चिखल कुठे सुरू होतो, दक्षिणेचा वारा सुटला की कुठल्या आडोशाला जायचं, हे बाजारात मिळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या जाळ्यावर होडी घातली तर होणाऱ्या नुकसानाचा आकडा मोठा असतो आणि भांडणाचा त्याहून मोठा. इथे वाटाड्या लागतो तो मासा मिळवायला, आणि तितकाच दुसऱ्याच्या पोटावर पाय न पडावा म्हणूनही.

राजाची करमणूक, साहेबाचा छंद

गरीने मासे धरणं ही करमणूक आपल्याकडे साहेबाबरोबर आली असा एक समज आहे, पण तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कुणाला काय खायला घालावं, दोरी कशाची करावी, काठी कशी असावी, मासा लागल्यावर त्याला कसं खेळवावं, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा आधुनिक वाचकाला त्याची नीट ओळख झाली. प्रकरण राजाच्या विनोदांत मोडतं, पोटापाण्याच्या मासेमारीत नाही. म्हणजे हौसेसाठी गरवणारा माणूस आपल्याकडे जवळजवळ नऊशे वर्षं जुना आहे.

इंग्रजांनी त्यात क्लब, नियम आणि पुस्तकं आणली. मद्रास इलाख्यातला अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३मध्ये निघालं. त्याचा सगळा जीव महसीर माशावर, म्हणजे नदीवर. मुंबईतही संघटित गरीवाल्यांचं जुनं ठिकाण पवईचा तलाव, म्हणजे पुन्हा गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातली गरी मात्र कोळ्याची, आगऱ्याची, खडकावर बसणाऱ्या पोरांची राहिली. तिला ना क्लब मिळाला, ना पुस्तक. घरातल्या संध्याकाळच्या कालवणाची सोय, एवढीच तिची ओळख.

जगात गरवायला नेण्याच्या धंद्याचं जे चित्र जाहिरातींतून दिसतं ते फ्लोरिडाचं. गुडघाभर नितळ पाणी, खाली पांढरी वाळू, होडीच्या मागच्या चौथऱ्यावर उभा राहून लांब दांड्याने होडी ढकलणारा वाटाड्या, आणि शंभर फुटांवरून दिसणारा मासा. ते चित्र उत्तनला लावून पाहिलं तर पदरी निराशाच येईल. मुंबईच्या उत्तरेचा समुद्र गढूळ आहे, आणि तो निव्वळ शहराच्या घाणीने गढूळ नाही. उधाणात इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. एवढं पाणी चिखलाच्या तळावरून दिवसातून चार वेळा इकडून तिकडे सरकतं, त्यात नद्यांचा गाळ भर घालतो. बोंबलाला हेच पाणी मानवतं.

उत्तनने पाहायचं तर उत्तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावं. डार्विनच्या आसपासच्या नद्या आणि खाड्या आपल्यासारख्याच गढूळ, भरती आपल्याहूनही मोठी, दोन्ही काठांना कांदळवन. तिथला मानाचा मासा बारामुंडी, म्हणजे आपला जिताडा. तिथले वाटाडे पंचांगासारखं भरतीचं कोष्टक खिशात बाळगतात, आणि त्यांचे बरेच ग्राहक भांगाचे आठवडे बघूनच येतात. ओहोटीला कांदळवनातून लहान ओहोळ खाडीत उतरतात, त्यांच्या तोंडाशी होडी लावतात. तिथल्या सरकारने २०१५पासून एक स्पर्धाच चालवली आहे. खुणेच्या चकत्या लावलेले बारामुंडी पाण्यात सोडायचे, आणि ठरावीक खुणेचा मासा ज्याला लागेल त्याला दहा लाख डॉलरपर्यंत बक्षीस. ज्या माशासाठी अलिबाग-पेणची माणसं जावयाच्या पाहुणचाराला वाटेल तो भाव देतात, त्याच्या जोरावर तिकडे पर्यटन उभं आहे.

फेरी कशी असते

तांडेलाबरोबर गरवायला जायचं तर पहिला प्रश्न तिथीचा. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते. मोबाइलवर आता मिनिटागणिक कोष्टक मिळतं, पण पाऊणपटीने फार मोठी चूक होत नाही. अष्टमीला सकाळी सहाला भरती पूर्ण, म्हणजे निघायचं त्याच सुमाराला, आणि काम करायचं उतरत्या पाण्यावर.

उतरतं पाणी का, याचं कारण कांदळवनात आहे. भरतीला पाणी झाडांच्या मुळांत शिरतं, त्याबरोबर बोयची पिल्लं आणि कोळंबी आडोशाला जाते. ओहोटी लागली की हे सगळं बारीकसारीक ओहोळांतून मुख्य खाडीकडे लोटलं जातं. ओहोळाच्या तोंडाशी, प्रवाहाच्या किंचित बाजूला, जिताडा थांबतो. त्याला पोहण्याचे कष्ट नकोत, खाणं समोरून यावं असा त्याचा बेत. वाटाड्याची नजर तो बेत ओळखण्यात असते. पाण्यावर गढूळ आणि त्यातल्या त्यात निवळ अशा दोन रंगांची शीव दिसते, पुलाच्या खांबामागे भोवरा दिसतो, बगळे एका ओहोळापाशी जमलेले दिसतात, लहान मासळी अचानक उडी मारते. यातलं काय बघायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, हे नवख्याला कळत नाही.

आमिषाचीही जात ठरलेली. जिताड्याला जिवंत कोळंबी किंवा लहान बोय, आणि गळ तिच्या पाठीत अशा बेताने अडकवायचा की ती जिवंत राहील. तांब आणि गोब्रा खडकाच्या कपारीत राहतात, त्यांना चिंबोरीचा तुकडा किंवा म्हाकूल. शिंगाळ्याला काहीही चालतं, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त लागतो. गढूळ पाण्यात वास आणि हालचाल रंगापेक्षा जास्त काम करतात. त्यामुळे चकचकीत प्लॅस्टिकचे नकली मासे घेऊन आलेल्या पाहुण्याला अनेकदा शेवटी कोळंबीच मागावी लागते.

रावस आणि दाढा खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यांवर सापडतात. घोळ, कोथ आणि ढोमे एकाच कुळातले. पोटातली हवेची पिशवी स्नायूंनी थरथरवून ते आवाज काढतात, आणि पाणी शांत असलं तर तो आवाज होडीच्या फळीतून जाणवतो. हीच पिशवी, म्हणजे भोत, वाळवून परदेशी जाते. ऑगस्ट २०२१मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या मच्छीमारांना एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि त्यांचा लिलाव सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना झाला, तेव्हा त्या भोताची किंमत वर्तमानपत्रांच्या वाचकांनाही कळली.

फेरीतला मोठा वेळ मात्र काहीच घडत नाही. तंगूस बोटावर धरून बसायचं. चिंबोरी आमिष कुरतडते तेव्हा बारीक टकटक, शिंगाळा ओढतो तेव्हा जड, नेटाची ओढ, जिताडा घेतो तेव्हा एकच हिसका आणि लगेच पाण्याबाहेर उसळी. हा फरक हाताला कळायला लागला की पाहुण्याचा पैसा वसूल झाला म्हणायचं. आणि वाटाड्याचं एक काम कधीच संपत नाही, ते म्हणजे पाहुण्याचे हात सांभाळणं. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो, पाकटाच्या शेपटीचा त्याहून वाईट. होडीत आलेला मासा पहिल्यांदा कुणी धरायचा याबाबत तांडेल सहसा हट्टी असतो, आणि त्याचं ऐकावं.

सोडायचा मासा

परदेशातल्या या धंद्याचा कणा आहे पकडून सोडून देणं. कोळीवाड्यात ही कल्पना चमत्कारिक वाटते. अन्न हातात आलं आणि परत टाकलं? नुसत्या गमतीसाठी जिवाला गळ टोचायचा? हा आक्षेप मागासपणाचा नाही, तो नीतीचा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

एक उत्तर जिताड्याच्या आयुष्यात सापडतं. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठाले जिताडे जवळजवळ सगळे मादी, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच दोन बाजूंनी मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. रावसाचंही लिंगांतर जिताड्यासारखंच. गोब्र्याचं उलट, तो आधी मादी आणि मग नर.

महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. त्याच वर्षी चंदेरी पापलेट राज्यमासा झाला, आणि तो निवडण्यामागे त्याची घटती संख्या हे मोठं कारण होतं. पण डोलीसारख्या जाळ्यात हा नियम पाळणं अवघड आहे. खोल्याची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक, त्यात आलेलं पिल्लू वर येईपर्यंत मेलेलं असतं. गरीत मात्र मासा एकेक येतो, जिवंत येतो, मोजता येतो, सोडता येतो. गळाची उलटी नांगी चपटी करून टाकली, हात ओला ठेवला आणि मासा पाण्याबाहेर फार वेळ धरला नाही, तर तो जगण्याची शक्यता चांगली असते.

त्यामुळे उत्तनला सोसेल असा नियम मधला असावा. होडीगणिक दोन-चार मध्यम मासे ठेवावेत, ते कोळ्याच्या घरी शिजावेत, पाहुण्याने तिथेच खावेत. आकाराने लहान आणि फार मोठे दोन्ही परत जावेत. मग सोडलेला मासा म्हणजे टाकलेलं अन्न राहत नाही. तीच मादी पुढल्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालते.

परवाना कुणाचा

आता कायद्याकडे. मासेमारी होडीची नोंद आणि परवाना मासेमारीसाठी असतो. १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा जाळी, क्षेत्र आणि बंदीकाळ यांची भाषा बोलतो, पाहुण्यांची नाही. पैसे घेऊन माणसं नेली की ती प्रवासी वाहतूक झाली. ती महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. होडीची तपासणी, प्रवासी संख्या, जीवरक्षक जाकिटं, चालकाचं प्रमाणपत्र, विमा, हे सगळं वेगळं लागतं. आज ओळखीने नेलेल्या पाहुण्याला काही झालं तर विमा कंपनी हात वर करील, आणि होडीचा मालक, म्हणजे नाखवा, कायद्याच्या कचाट्यात सापडेल.

सुरक्षेचा दुसरा पदरही आहे. २००८च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट पळवून वापरली. तेव्हापासून होड्यांची नोंद, रंग, खलाशांची ओळखपत्रं यांची कडक तपासणी होते, आणि होडीत अनोळखी चेहरे दिसले की प्रश्न विचारले जातात. ते योग्यच आहे. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली, त्यानंतर जाकिटांचा प्रश्न कुणालाही हसण्यावारी नेता आलेला नाही.

पण कडक नियम म्हणजे मोठ्या बोटीचे सगळे नियम लहान होडीला लावणं असं नाही. अमेरिकेत पैसे घेऊन सहा जणांपर्यंत नेणाऱ्या लहान होडीच्या चालकासाठी तटरक्षक दलाचा वेगळा परवाना असतो. त्याला समुद्रावरचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. मात्र शंभर प्रवाशांच्या जहाजाचे निकष त्याच्या माथी मारले जात नाहीत. आपल्याकडेही तांडेलाचा अनुभव नोंदीत धरणारा असा लहान परवाना असायला हरकत नाही. मत्स्यव्यवसाय विभाग, सागरी मंडळ आणि सागरी पोलीस या तिघांनी एका टेबलाशी बसून ते करावं लागेल.

एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्यासाठी २०२०पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. तो आपल्या शेतावर पाहुणा उतरवतो, त्याला हुरडा खाऊ घालतो, बैलगाडीत बसवतो. कोळ्याचं शेत पाण्यावर आहे. दर्जा समान असेल तर त्या शेतावर पाहुणा नेण्याची वाटही समान असायला हवी.

पैसा कुठे थांबतो

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७मध्ये स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी कांदळवन सफर सुरू केली. होडी त्यांची, वल्हं त्यांच्या हातात, झाडांची आणि पक्ष्यांची माहिती त्या स्वतः सांगतात. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, पण पाहुण्याचा पैसा गटाकडे जातो. कोकणातलं बरंचसं समुद्री पर्यटन याच्या उलट वाटेने गेलं आहे. बाहेरचा गुंतवणूकदार यंत्रं आणतो, आणि गावातला पोरगा त्याच्याकडे रोजाने लागतो.

उत्तनमध्ये संघटनेची परंपरा जुनी आहे. इथल्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत, मच्छीमार चळवळीतले नेते लिओ कोलासो इथलेच. त्यामुळे फेऱ्यांची नोंद संस्थेच्या कार्यालयात व्हावी, होड्यांना पाळी लावावी, दर संस्थेने ठरवावा, हे इथे अशक्य नाही. आणि फेरीचा अर्धा भाग किनाऱ्यावरचा आहे. मासळी निवडणं, वाळवणं, विकणं हे सगळं उत्तनच्या बायकांच्या हातात असतं. पाहुण्याच्या ताटातला तांब, सोबत भाकरी, निघताना बांधून दिलेले सुके बोंबील आणि जवळा, यातली कमाई त्यांच्या नावावर यायला हवी. तसं झालं नाही, तर भाड्याच्या पैशातून डिझेल आणि खलाशाचा पगार वजा जाता घरात फारसं काही पोचणार नाही.

इथे एक सावधगिरीही. भांगात सगळ्याच होड्या रिकाम्या नसतात. लांब जाणाऱ्या यांत्रिक होड्या कित्येक दिवस बाहेर असतात, आणि भांगाचे दिवस दुरुस्तीचेही असतात. त्याखेरीज १ जून ते ३१ जुलै या बंदीत यांत्रिक होडीने मासेमारी बंद, आणि त्या दिवसांत समुद्र पाहुण्याला न्यायच्या लायकीचाही नसतो. उरलेल्या दहा महिन्यांत, भांगाच्या आठवड्यांत, लहान होड्यांच्या एका भागाला मिळणारी ही जोडकमाई आहे. बोंबलाची जागा ती घेणार नाही. तिच्या जोरावर कुणी नवी होडी कर्जाने काढू नये.

खाडी राहिली तर

सगळा हिशेब ज्या पाण्यावर मांडला त्या पाण्याचंच काय होणार, हा शेवटचा प्रश्न. कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये अंतरिम आणि २०१८मध्ये अंतिम निकालाने संरक्षण दिलं. तरी वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्याची आखणी खाडीकाठच्या याच झाडांतून जाते, आणि उत्तन-विरार सागरी सेतूला मच्छीमारांचा विरोध आहे, कारण खांब उभे राहतील ते त्यांच्या मासेमारीच्या पाण्यात. घनकचरा प्रकल्पावरून उत्तनचे रहिवासी वर्षानुवर्षं भांडत आहेत. डोलीच्या खोल्यात जवळ्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, त्या निवडून बाजूला काढण्यात बायकांचा वेळ जातो.

अशा वादांत आजवर मच्छीमार एकटा पडत आला आहे. भाईंदरच्या इमारतीत राहणाऱ्याला रस्ता हवा असतो, आणि कव कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. ओहोळाच्या तोंडाशी बसून ज्याने उतरत्या पाण्यावर जिताड्याची वाट पाहिली आहे, त्याला कांदळवनाचा तुकडा तोडल्याने काय जातं हे समजावून सांगावं लागत नाही. आठ लाखांच्या शहरात असे काही हजार जरी तयार झाले, तरी महापालिकेच्या आणि इतर सरकारी प्राधिकरणांच्या सुनावणीत कोळ्याच्या बाजूने बोलणारे आवाज वाढतील. माझ्या मते या धंद्याचा मोठा नफा हाच, आणि तो कुठल्याच नाखव्याच्या वहीत जमा दिसणार नाही.

सुरुवात मात्र वहीनेच करावी लागेल. एका संस्थेच्या आठ-दहा लहान होड्या, प्रत्येकीत चार पाहुणे, सगळ्यांच्या अंगावर जाकीट, ठेवायच्या आणि सोडायच्या माशांचं माप फळीवर कोरलेलं, आणि किती मासे लागले, किती सोडले याची रोजची नोंद. एक मोसम एवढं जरी नीट झालं, तर परवान्याचा मसुदा लिहिणाऱ्याच्या हाती अंदाजाऐवजी आकडे येतील.